ताईच्या पाठीमागचं क्रेट

बारकीने आयुष्यभर खोकी भरली होती. पंपाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात. तिने बांधलेला पंप जहाजातून जावो, ट्रकमधून जावो, नाहीतर कुणी जिन्यावरून गडगडत सोडो, आतला नटसुद्धा जागचा हलायचा नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं आणि तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. ते घड्याळ इतकं गचाळ बांधलेलं होतं की घरी पोचेपर्यंत त्याच्या काचेचे दोन तुकडे झाले. ही गोष्ट ती अजूनही येईल त्याला सांगते.

बारकी हे नाव धाकटी म्हणून पडलेलं. आता साठीला आलेल्या, दारातून जरा तिरकी होऊनच आत शिरणाऱ्या बाईला कुणी बारकी म्हटलं की नवखा माणूस इकडेतिकडे बघायचा. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि तिथेच राहिली. निवृत्त झाल्यावर मात्र दोन बॅगा घेऊन ती थेट ताईच्या दारात उभी राहिली. "जमलं तर राहीन, नाही जमलं तर परत जाईन," असं तोंडाने म्हणाली खरी, पण भाड्याच्या खोलीची चावी ती घरमालकाच्या हातात ठेवून आली होती. ते काही तिने ताईला सांगितलं नाही. बॅगाही तिने पूर्ण उघडल्या नाहीत. रोज लागेल तेवढं काढायचं आणि चेन लावून टाकायची, असं चाललं होतं.

खरं म्हणजे ती आली होती तळ्यासाठी. कारखान्यातल्या इतक्या वर्षांत जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटले की तिला तेच तळं दिसायचं. गावाबाहेरच्या बांधामागचं, पहाटे शिशासारखं दिसणारं. आणि त्यात होडीच्या पुढच्या टोकाला बसलेल्या ताईची पाठ.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती मागच्या शेडमध्ये गेली आणि दारातच थांबली. ताईच्या पिवळ्या कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीवर, पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर भाच्याच्या अक्षरात लिहिलं होतं, 'विकणे आहे'.

"हे काय गं ताई?"

"वाचता येतं ना तुला?" ताई मागून म्हणाली. "रविवारी न्यायला येतोय एक जण. शाळेत खेळाचा मास्तर आहे. चांगला माणूस वाटला."

"पण का?"

"झालं की आता. माझ्याच्याने होत नाही."

ताईकडून हे वाक्य बारकीने जन्मात ऐकलं नव्हतं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही ताई 'मीच उडी मारली' म्हणून सांगत होती. बारकीने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे एकेक गोष्ट बाहेर आली. भावोजी गेल्यापासून दोन वर्षं ताई एकटीच मासे धरायला जात होती. एकटीला झेपेल म्हणून मुलाने ही पिवळी आणून दिली. पण पाण्यात गेलं की सगळा गोंधळ व्हायचा. पक्कड बुडाली. मग दुसरी पक्कड बुडाली. गळांची डबी कयाकमध्ये सांडली आणि ताई नेमकी त्यावरच बसली.

"मुलाने काढला तो गळ," ताई म्हणाली. "दातांचा डॉक्टर असला म्हणून काय झालं, आईचा असा गळ काढायची वेळ कुणावर येऊ नये. तेव्हापासून मागे लागलाय, वीक म्हणून."

भाच्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण लोकांचे दात उपटता उपटता त्याला आईच्या सवयीही उपटाव्याशा वाटायला लागल्या होत्या, असं बारकीचं मत झालं. ते तिने गिळलं, कारण पाहुण्यासारखी राहत असताना भाच्याशी वाद घालणं बरं दिसत नाही.

"सामान कशात नेतेस तू?" तिने विचारलं.

ताईने कोपऱ्यातली रंगाची बादली दाखवली. बारकीने आत डोकावून पाहिलं. तंगूसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा गुंता, त्यात अडकलेले गळ, वजनाचे शिशाचे तुकडे, एक चमचा, वाळून खडखडीत झालेलं फडकं, आणि तळाशी अंगुळभर गढूळ पाणी. चाळीस वर्षं पॅकिंग खात्यात काढलेल्या बाईने हे बघायचं म्हणजे शिक्षाच होती.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"ताई, तुला आत टाकायला पाहिजे."

आणि तिथेच बारकीचं निदान पक्कं झालं. ताईचे हात थकलेले नव्हते, वयाचा काही दोष नव्हता. दोष त्या बादलीचा होता. सामान जिथल्या तिथे असेल तर हाताला आपोआप लागतं, आणि हाताला लागलं की माणूस गोंधळत नाही. "शनिवारी एकदा माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "मी सामानासाठी क्रेट बनवते. नाही जमलं तर रविवारी दे खुशाल त्या मास्तरला."

"एकदाच," ताई म्हणाली. "आणि मग तू तोंड बंद ठेवायचं."

"कबूल." बारकी हे आधीही बऱ्याचदा कबूल झालेली होती.

बाजारात मासेमारीच्या सामानाचं एक झकपक दुकान निघालं होतं. तिथे तयार क्रेट मिळत होतं, काळं, झाकणाचं, बाजूला कप्पे असलेलं. दुकानदाराने त्याचं इतकं कौतुक केलं की त्याने आपल्या पोरीचं लग्न जमवतानाही एवढं केलं नसेल. बारकीने ते उचलून कानाशी धरलं आणि हलवलं. आत कप्प्याचा खुळखुळा झाला. मग उलटं करून पाहिलं. तळ बंद होता, म्हणजे आत शिरलेलं पाणी तिथेच मुक्काम करणार. "बादलीलाच सूट घातलाय," असं म्हणून तिने ते परत ठेवलं. दुकानदार दुखावला. शेवटी दूध पोचवणाऱ्याकडून तिने एक जुनं प्लास्टिकचं क्रेट मागून आणलं. चारही बाजूंनी जाळी, तळालाही जाळी. पाणी जाळीतून निघून जाणार, आणि जिथे पाहिजे तिथे काहीही बांधता येणार. कयाकच्या बैठकीमागच्या खळग्यात ते असं चपखल बसलं की बारकीने स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली असती, हात पोचता तर.

दोन दिवस ती शेडमध्येच होती. गळाच्या काठ्या आणि पक्कड उभी ठेवायला तिने पीव्हीसी पाइपाच्या नळ्या कापल्या, तोंडं तिरकी कापून काचकागदाने गुळगुळीत केली आणि केबल टायच्या प्लास्टिक पट्ट्यांनी जाळीला आवळून बांधल्या. टायची टोकं कापून बोट फिरवून पाहिलं, कुठे टोचत नाही ना. आतल्या बाजूने फोमच्या नळ्या लावल्या, म्हणजे क्रेट पाण्यात पडलंच तर तरंगेल. प्रत्येक हत्याराला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक क्रेटला. आता पक्कड बुडणार नव्हती, बुडायची तर सगळं क्रेट घेऊनच बुडली असती.

ताई दाराशी स्टूल टाकून मटार सोलत बसायची आणि मधूनमधून तोंड सोडायची. "बारके, हे मासे पकडायला आहे की मला यात घालून परदेशी पाठवायचा विचार आहे?"

"तू मावणार नाहीस."

"आणि तू मावशील का?"

मग बारकी आतले खण करायला बसली. प्लास्टिकच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवताना तिच्या डोळ्यासमोर दुसरीच पेटी उभी राहिली होती. लाकडाची, सोड्याच्या बाटल्यांची, खणाखणांची. वडिलांनी ती कुठल्याशा दुकानातून आणली होती, आणि बोट क्लबने मोडीत काढलेली दोन जणांची कयाकही त्यांनीच आणली होती. कयाक हिरवी होती. वडिलांनी तिला इतकी ठिगळं लावली की पाठ खरबरीत झाली आणि तिचं नाव मगर पडलं. मगर अजूनही शेडच्या आढ्याला उलटी टांगलेली होती. पेटी मात्र कधीच कुजून गेली.

मगरीत ताई पुढे बसायची, बारकी मागे, आणि दोघींच्या मधे ती पेटी. ताईचं लक्ष सगळं पाण्यावर. काही लागलं की ती मान न वळवता नुसता हात मागे करायची आणि म्हणायची, "शिसं." बारकीने शिसं ठेवायचं. "पक्कड." पक्कड ठेवायची. पुढेपुढे तर ताई बोलतही नसे. हात कसा आलाय, बोटं किती उघडी आहेत, यावरून बारकीला कळायचं काय हवंय ते. एकच गोष्ट तिला कधी जमली नाही. पेटीत पक्कड मूठ वर करून उभी असायची, बारकी ती मुठीला धरून उपसायची आणि तशीच पुढे करायची, म्हणजे ताईच्या तळव्यात पकडीचं तोंड. "उलटी दिलीस!" ताई खेकसायची. "मूठ माझ्याकडे कर म्हणून किती वेळा सांगायचं?" रोज सांगायची आणि रोज बारकी तीच चूक करायची. पुढे बारकी नोकरीला गेली, ताईचं लग्न झालं आणि मागची जागा भावोजींनी घेतली. "हे पहिल्या दिवसापासून सुलट देतात," असं ताईने एकदा फोनवर सांगितलं होतं. साधंसं वाक्य, पण बारकीला ते इतकं लागलं होतं की पुढचे दोन रविवार तिने फोनच केला नाही.

तिने त्या लाकडी पेटीचा एकेक खण आठवून आठवून नव्या क्रेटमध्ये उतरवला. गळ कुठे, शिसं कुठे, तंगूसाची रिळं कुठे, पक्कड कुठे. काहीही विसरली नव्हती ती. शुक्रवारी संध्याकाळी क्रेट पिवळीच्या खळग्यात बसवलं, हुकवाल्या रबरी दोऱ्यांनी ताणून बांधलं आणि मागे गुडघे टेकून, डोळे मिटून परीक्षा घेतली. शिसं म्हटलं की हातात शिसं. पक्कड म्हटलं की पक्कड. एकदाही हात चुकला नाही. तिचा जीव भांड्यात पडला.

"आंधळ्यालाही सापडेल आता," ती म्हणाली. "ये, बसून बघ."

"पाण्यावर बघू," ताई म्हणाली. "जमिनीवर मी कितीही मासे पकडीन."

शनिवारी पहाटे दोघी तळ्यावर गेल्या. बारकीने स्वतःसाठी क्लबमधून निळी कयाक भाड्याने घेतली. तिच्यात बसताना तिने जो काय प्रकार केला तो पाहून क्लबचा रखवालदार तोंड फिरवून खोकत राहिला. ताई मात्र एका झटक्यात बसली. वल्हं हातात आलं आणि वयाने वाकलेली ती पाठ सरळ झाली. बारकी मागून बघत राहिली. तीच पाठ. केस पांढरे झाले होते, मानेवर सुरकुत्या आल्या होत्या, पण डावा खांदा जरा वर उचलून वल्हवायची तिची ढब तीच होती. बारकीने उगाचच वल्हं पाण्यावर आपटलं.

"मासे पळवतेस का?" पुढून आवाज आला.

लव्हाळ्यांच्या कडेला ताईने गळ टाकला. बारकी थोडी मागे, कयाक आडवी करून थांबली. बराच वेळ काही झालं नाही. पाणी निवांत होतं, पलीकडे बांधावरून कुणीतरी सायकल ढकलत चाललं होतं. मग ताईची काठी वाकली. ताईने घाई केली नाही, दोरा सोडला, ओढला, पुन्हा सोडला, आणि हाताएवढा मासा उचलून मांडीवर घेतला. गळ खोल गेला होता. डाव्या हाताने तिने मासा दाबून धरला आणि उजवा हात मागे केला.

बारकी श्वास रोखून बघत होती. आता सापडेल. मागच्या कडेला, उजवीकडून दुसऱ्या नळीत. घे ना ताई. पण ताईचा हात क्रेटकडे गेलाच नाही. तो शोधत नव्हता, चाचपडतही नव्हता. तळवा वर, बोटं अर्धी उघडी, तो नुसता थांबला होता.

"मागच्या कडेला आहे," असं ओरडायला बारकीने तोंड उघडलं आणि जीभ चावली. मागच्या कडेला म्हणजे कुणाच्या मागच्या? मागे बसणाऱ्याच्या अगदी गुडघ्याशी, आणि ताईचा हात कितीही ताणला तरी पोचणार नाही अशा जागी. काल तिने गुडघे टेकून परीक्षा घेतली ती क्रेटच्या मागून. सगळी पेटी तिला आठवली होती ती आपल्या बाजूने. आयुष्यभर खोकी भरणाऱ्या बाईने हे खोकं भरलं होतं ते स्वतःसाठी. आणि ताईने त्या लाकडी पेटीत कधी हातच घातला नव्हता. आधी बारकी होती, मग भावोजी होते. ताईला पेटी कशी लावतात हे ठाऊक नव्हतंच. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की हात मागे केला की त्यात वस्तू येते.

हात अजून तसाच होता. बारकीला तो बघवेना. तिने वल्हं मारलं, पुन्हा मारलं, निळीचं टोक पिवळीला धडकलं. ताईचं क्रेट धरून तिने स्वतःला जवळ ओढलं, न बघता नळीत हात घातला, पक्कड उपसली आणि त्या तळव्यात ठेवली.

ताईची बोटं मिटली.

"उलटी दिलीस," ताई म्हणाली.

तिने मान वळवली नव्हती. पण आवाज भलताच होता, आणि मागून बारकीला दिसलं की ताईचे खांदे हलताहेत. मासा मात्र तिने सोडला नाही. पक्कड फिरवून धरली, गळ काढला, मासा पाण्यात सोडून दिला आणि ओल्या हातानेच डोळे पुसले.

"दोन वर्षं हात मागे करतेय गं, बारके," ती म्हणाली. "कळतं मला, की तिथे कुणी नाही. तरी जातोच तो. आणि रिकामा परत आला की मग सगळं हातातून सुटतं. हे मी कुणाला सांगणार? पोराला सांगितलं असतं तर त्याने डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं."

"मला सांगायचंस."

"फोनवर? तू तिकडे, मी इकडे, आणि सांगू काय, की मला पक्कड दे?"

बारकीला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आल्यामुळे तिची कयाक अशी डगमगली की ताईला एका हाताने ती धरावी लागली. दोघी तशाच एकमेकींच्या कयाक धरून बराच वेळ पाण्यावर राहिल्या. मासे त्या दिवशी आणखी मिळाले नाहीत. कसे मिळणार? दोघींची तोंडं एक मिनिट बंद नव्हती. भावोजी पकडीला तेल द्यायला कसे कधी विसरत नसत ते ताईने सांगितलं, आणि बारकीने पहिल्यांदाच ते न रुसता ऐकलं. परतताना बारकीने चावीची गोष्टही सांगून टाकली.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं," ताई म्हणाली. "परत जायचं असतं तर फुटकं घड्याळ कुणी बरोबर आणतं का?"

रविवारी खेळाचा मास्तर आला. भाचाही आला होता, आईने शेवटच्या क्षणी पलटी मारू नये म्हणून. ताईने पलटी मारली नाही. पिवळी तिने हसत हसत दिली, वल्हंही दिलं. मास्तरांना फार आनंद झाला. मग त्यांची नजर खळग्यातल्या क्रेटवर गेली. त्यांनी नळ्या पाहिल्या, फोम पाहिला, टायच्या कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं.

"वा! हे कुणी बनवलंय? हे पण द्याल का?"

"नाही हो," ताई रबरी दोऱ्यांचे हुक सोडवत म्हणाली. "ते माझं नाहीये. मागे बसते तिचं आहे ते."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. भाच्याने वर पाहिलं, आढ्याला टांगलेल्या मगरीकडे, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आई," तो म्हणाला, "ती गळते."

"मावशीला सांग," ताई म्हणाली.

पण मावशी तिथे नव्हती. ती वरच्या खोलीत बॅगा रिकाम्या करत होती, कारण तळाशी कुठेतरी तिने मगरीची गळती बुजवायचं फायबरचं सामान भरून आणलं होतं आणि ते इतकं पक्कं बांधलं होतं की तिचं तिलाच सुटत नव्हतं.